ट्रेलर ओढायला शिकवणाऱ्या काकूंना

ती. स्व. काकूंना सा. न. वि. वि.

तुमचे तोंडावर आभार मानायची सोय नाही, हे आता मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. "आभार कसले मानतेस, चहा टाक," म्हणून तुम्ही विषयच बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. उघड लिहायचं आणखी एक कारण आहे. कोलोरॅडोतल्या आपल्या ओळखीच्या निम्म्या घरांत सध्या ट्रॅव्हल ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकांवरच्या घराचं, खूळ शिरलंय. त्या सगळ्यांना तुमच्याकडे पाठवलं तर तुमचा उन्हाळा संपेल. तेव्हा तुम्ही आम्हाला जे शिकवलंत त्यातलं थोडं तरी इथं मांडते. कुणी आधी हे वाचून मगच तुम्हाला फोन केला, तर त्याचं पुण्य मला.

ज्या दुकानातून ट्रेलर घेतला तिथल्या माणसानं हिच, म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडायचा सांगाडा, बसवून दिला होता. रिकाम्या ट्रेलरवर, अंदाजानं, कुठंही टेप न लावता. हिचचे स्प्रिंग बार ताणणाऱ्या चेनची अमुकच कडी का, तर सगळ्यांना तीच लावतो म्हणाला. वायर जोडली, दिवे लागले, कागदावर सही घेतली. आमचा 'अर्धा टन' म्हणतात त्या वर्गातला पिकअप ब्रोशरप्रमाणे ९,००० पौंडांहून जास्त ओढतो आणि ट्रेलर भरून ६,००० च्या आसपास जातो, मग काळजी कसली, असा त्याचा हिशेब.

तुम्ही आमच्या ड्राइव्हवेत आलात तेव्हा ट्रेलरकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. सरळ पिकअपचं ड्रायव्हरचं दार उघडलंत आणि चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर मला मोठ्यानं वाचायला लावलंत. माणसं आणि सामान मिळून १,५२० पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर छापलेलं. ब्रोशरमधला ओढायच्या क्षमतेचा आकडा भिंतीवर लावायचा आणि हा आकडा खिशात ठेवायचा, म्हणालात.

मग पेन्सिल मागितलीत. आम्ही चौघं मिळून ५४०. हिचचं लोखंड ९०. पिकअपच्या मागच्या हौद्यात जनरेटर, कूलर आणि जळाऊ लाकडं मिळून २५०. ट्रेलरची पुढची दांडी हिचच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जो भार टाकते तोही याच १,५२० मध्ये धरायचा, हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. हा भार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ट्रेलरच्या ब्रोशरमध्ये दिलेला या भाराचा आकडा रिकाम्या ट्रेलरचा. त्यात ना दांडीवरचे दोन गॅस सिलिंडर, ना बॅटरी, ना तुमचं सामान. "साडेसातशे धर," म्हणालात. बेरीज १,६३०. म्हणजे ९,००० ओढणारी गाडी ६,००० च्या ट्रेलरला जोडल्यावर ११० पौंडांनी जास्त भरली होती, आणि कागदोपत्री सगळं आलबेल!

लाकडांची १५० पौंडांची रास तिथल्या तिथं गॅरेजमध्ये गेली. लाकूड जिथं जाळायचं तिथंच विकत घ्यायचं, इथं वनखातंही तेच सांगतं, कारण लाकडाबरोबर किडेही प्रवास करतात.

आता टेपची गोष्ट. ही मी अख्ख्या मंडळाला सांगितली आहे, तरी लिहितेच. ट्रेलर न जोडता पिकअपच्या पुढच्या चाकावरची कमान जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायला लावलंत. सव्वा ३७ इंच. मग हिचचे स्प्रिंग बार न लावता नुसता ट्रेलर बॉलवर टेकवला. सव्वा ३८. मागं पिकअप बसला आणि पुढनं एक इंच वर आला. मला एक इंचात काही वाटलं नाही. तुम्ही मात्र कमरेवर हात ठेवून म्हणालात, "अगं, उसाची ट्रॉली बघितली नाहीस का कधी?"

बघितली आहे की. गळीत हंगामात कराडकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सगळ्यांनीच बघितलेत. चढाला त्या ट्रॅक्टरची पुढची चाकं अधांतरी उचलली जातात आणि मागचा मोटरसायकलवाला जीव मुठीत धरून थांबतो. तुम्ही माहेरी वडिलांचा ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत नेत होतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचं चाक हलकं झालं की स्टिअरिंग नुसतं नावाला उरतं, आणि पिकअपचं एक इंच म्हणजे त्याच रोगाची सुरुवात, एवढं तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. दुकानातल्या माणसानं पुस्तक हातात दिलं होतं, पण त्यातून हे डोक्यात शिरलं नसतं.

वजन वाटून देणाऱ्या हिचचं काम तेवढंच. दोन्ही बाजूंचे स्प्रिंग बार ताणले की ते मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. दुकानवाल्यानं लावलेल्या कडीवर बार जेमतेम ताणले जात होते. तुम्ही हिचच्या डोक्यात एक वॉशर वाढवायला लावून त्याचा कोन मागं झुकवून घेतलात, चेन एक कडी वर घ्यायला लावलीत आणि पुन्हा टेप. ३७ ५/८. वर गेलेल्यातलं निम्म्याहून जास्त परत खाली आलं. नवऱ्याला ते पूर्ण सव्वा ३७ वर आणायचं होतं. तुम्ही नको म्हणालात. किती परत आणायचं ते पिकअपच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि हावरेपणानं पुढं जास्त दाबलं तर मागची चाकं हलकी होऊन वळणावर सरकतात. आणि हो, बार चढवताना तो उचलायच्या पाइपवर वाकून उभं राहायचं नाही. "निसटला तर दात गोळा करत बसशील," हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं.

बाकीच्या गोष्टी तुम्ही भराभर सांगितल्यात, मीही भराभर लिहिते. बॉलवर त्याचं माप आणि क्षमता कोरलेली असते, ती वाचायची. कपलर (दांडीचं बॉलवर बसणारं तोंड) २ ५/१६ इंचाचा आणि बॉल २ इंचाचा असला तरी तो बसल्यासारखा दिसतो, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्याला कपलर उडतो. कुलूप लावल्यावर जॅकनं दांडी इंच-दोन इंच वर उचलून बघायची. पिकअपचं मागचं अंगही बरोबर उठलं तरच कपलरनं बॉल पकडलाय. सुरक्षेच्या साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरप्या घ्यायच्या, म्हणजे दांडी सुटलीच तर रस्त्याला न भिडता त्यांच्या झोळीत पडते. वळायला पुरेल एवढी ढील ठेवायची, पण जमिनीला घासू द्यायच्या नाहीत. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवेची तार मात्र साखळीला किंवा हिचला अडकवायची नाही, पिकअपच्या पक्क्या भागाला वेगळी लावायची. हिचच निघून आला तर ती तार ताणून पिन सुटली पाहिजे आणि ट्रेलरनं स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावले पाहिजेत. दुकानवाल्यानं ती साखळीच्या हुकातच गुंतवून ठेवली होती. तिथं मात्र तुमचा पारा चढला होता, आणि तो चढायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, नेलंत. नवरा काट्यावर गाडी चढवायला बिचकत होता. मागून अठरा चाकी ट्रक उभा, त्याला वाटलं हॉर्न मारेल. तुम्ही खिडकीतून ओरडलात, "चढव रे, इथं काटा मारत नाहीत!" कारखान्याचा काटा माहीत असलेल्यालाच ते कळेल. खरं तर इथं उलटंच आहे. त्यांच्या काट्यावर बरोबर भरलेल्या ट्रकला पुढं जादा वजनाचा दंड झाला, तर तो भरायची नाहीतर कोर्टात उभं राहायची हमी ती कंपनीच देते.

तीनदा वजन केलं. बार लावून, बार काढून, आणि ट्रेलर सोडून नुसता पिकअप. पुढच्या अ‍ॅक्सलवर (म्हणजे पुढच्या चाकांवर) एकट्या पिकअपचं ३,२४० पौंड, ट्रेलर जोडून बार नसताना २,९२०, बार लावल्यावर ३,१२०. टेप जे म्हणत होती तेच काटाही म्हणाला. आणि बार नसतानाच्या पिकअपच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेतून नुसत्या पिकअपचं वजन वजा केलं की दांडीवरचा खरा भार निघतो, तो ७२० निघाला. ट्रेलर नेमका ६,००० चा, म्हणजे १२ टक्के. त्या पावत्या मी फ्रिजवर लावल्यात. मुलांच्या प्रगतिपुस्तकाशेजारी.

पाण्याच्या टाकीचं तुमचं म्हणणं मला तेव्हा फाजील काळजी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ४० गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ ३३० पौंड, आणि टाकी ट्रेलरच्या चाकांच्या पुढं आहे की मागं यावर दांडीचं वजन वाढतं किंवा घटतं. मागं असेल आणि भरली, तर दांडी हलकी होते आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आमची पुढं आहे. तरी आम्ही ती रिकामीच नेतो आणि कॅम्पसाइटला भरतो.

पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा गेनही, म्हणजे ब्रेकचा जोर, तुम्ही शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये २० ते २५ मैलांच्या वेगात लावून घेतलात. कंट्रोलरचा दांडा हातानं दाबून नुसता ट्रेलरचा ब्रेक लावायचा, चाकं अडकून घासली की गेन थोडा खाली. तो हाताचा दांडा कशासाठी आहे ते मला पुढं वायोमिंगच्या सीमेकडं, आय-२५ हायवेवर कळलं. वारा आडवा होता. डाव्या बाजूनं एक मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेनं आधी आम्हाला बाहेर ढकललं आणि मग आत ओढलं. आरशात ट्रेलर एकदा डुलला. नवऱ्यानं पिकअपचा ब्रेक दाबला नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि दांडा हलकेच दाबला. ट्रेलर मागनं ताणला गेला आणि रांगेत आला. मागच्या सीटवर मुलं टॅबलेट बघत होती, त्यांना पत्ताही नाही.

आय-७० वर आयझेनहॉवर बोगदाही पार केला. ११,००० फुटांवरून पलीकडं सिल्व्हरथॉर्नला उतरताना खालच्या गिअरमध्ये, हळू, उजव्या लेनमध्ये. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी केलेले खडीचे चढ बघून तुमची आठवण निघाली.

काकू, या सगळ्यात तुम्ही एकही नट स्वतः आवळला नाहीत. पाना आमच्या हातात, टेप आमच्या हातात, तुम्ही घडीच्या खुर्चीवर. तेव्हा मला ते जरा कडक वाटलं होतं. आता कॅम्पसाइटवर शेजारचा कुणी विचारायला येतो तेव्हा मला उत्तर देता येतं, ते त्या खुर्चीमुळे. तुमचे मनापासून आभार. चहा टाकलेला आहेच.

तुमचा टॉर्क रेंच आमच्याकडे राहिलाय. चाकांचे नट पहिल्या ५० मैलांत पुन्हा तपासून झाले, त्यामुळे शनिवारी आणून देते. येताना एक विचारायचंय, स्वे कंट्रोलच्या, म्हणजे ट्रेलरचं डुलणं रोखणाऱ्या, पट्टीचा वळताना कर्र आवाज येतो, तो तसाच असतो की काही करायला हवं? नवरा ग्रीस लावायला निघाला होता, घर्षणावर चालणाऱ्या वस्तूला ग्रीस कसलं म्हणून मी त्याला थांबवलंय.

तुमची नम्र,
ड्राइव्हवेत पेन्सिल घेऊन उभी असलेली