सीडीच्या पाकिटाची पिन काढल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

किडनीतल्या खड्यांसाठी काढलेला ज्या वैमानिकाचा सीटी स्कॅन तुम्ही गेल्या महिन्यात वाचलात, त्याचं क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, परवा आलं. फिट. तुमची आणि त्याची गाठही पडलेली नाही. रेडिओलॉजिस्टला कोण भेटायला जातं म्हणा! म्हणून वैमानिकांच्या तपासण्या करणाऱ्या आम्हा डॉक्टरांकडूनच हे उघड पत्र.

त्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या सीटीची सीडी होती. पांढरं पाकीट, तोंडाशी स्टेपलरची एक पिन. तुमच्याआधी ही फाइल दोन ठिकाणी फिरून आली आणि दोन्ही वेळा पिन जशीच्या तशी होती. तुमच्याकडून पाकीट परत आलं तेव्हा पिन गेलेली आणि कागदावर दोन बारीक भोकं. आभार आहेत ते त्या दोन भोकांचे.

आधीच्या रिपोर्टांत काय होतं? ‘दोन्ही किडन्यांत खडे, सर्वात मोठा ६ मिमी, क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ संपलं. आता ते कोरिलेशन, म्हणजे ताडून पाहणं, कशाशी करायचं? वैमानिकाच्या बाबतीत खडा आहे का, हा प्रश्न दुय्यम असतो. तो सुटेल का, हा खरा प्रश्न. कप्प्यात गप्प पडलेला खडा वर्षानुवर्षं दुखत नाही. तोच मूत्रवाहिनीत उतरला की अडकायच्या जागा तीन: किडनीतून नळी निघते ती, पुढे मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते ती आणि मूत्राशयात शिरते ती. तिथे अडकला की काही मिनिटांत माणूस कळवळून दुमडतो. हे उतरताना, धावपट्टी समोर असताना झालं तर शेजारी दुसरा वैमानिक असूनही वेळ कठीणच. म्हणून अचानक अकार्यक्षम होण्याचा धोका वर्षाला साधारण १ टक्क्याच्या आत असावा, अशी मोजपट्टी अनेक ठिकाणी दोन वैमानिकांच्या विमानांसाठी लावतात. ‘खडे आहेत’ एवढ्यावरून हा धोका कुणी मोजायचा? मग फाइल परत, पुन्हा तपासणी, पुन्हा तेच वाक्य, आणि माणूस जमिनीवर.

तुम्ही काय केलंत ते इथे मुद्दाम लिहितो, कारण बाकीच्यांनी ते वाचायला हवं. १ मिमीच्या स्लाइस काढल्यात. जाड, ५ मिमीच्या स्लाइसमध्ये बारीक खडा दोन कापांच्या मध्ये निसटतो. माप बोन विंडोवर, म्हणजे हाडं पाहायच्या स्क्रीन-सेटिंगवर घेतलंत, नेहमीच्या विंडोवर खडा फुगून दिसतो. सोनोग्राफीही लहान खडे मोठे करूनच सांगते. त्यामुळे ६ मिमीचा खडा निघाला ३.५ मिमीचा, डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात. उजवीकडचा ‘खडा’ तर खडाच नव्हता. कप्प्याच्या बाहेर, किडनीच्या मांसात रुजलेलं कॅल्शिअम ते. तिथून मूत्रवाहिनीत उतरायला त्याला वाटच नाही.

आणि मग ती सीडी. जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी, एकाच पातळीवर लावून तुम्ही लिहिलंत: ‘दोन वर्षांत आकार तोच, कप्पा तोच. किडनीला सूज नाही. दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयापर्यंत पाहिल्या, खडा नाही.’ जे नाही ते ‘नाही’ म्हणून लिहायला हात आखडतो आपल्याकडे बऱ्याच जणांचा. मूल्यांकन करणाऱ्याला मात्र नेमकं तेच लागतं. रिपोर्टात उल्लेख नाही म्हणजे पाहिलं आणि नव्हतं, की पाहिलंच नाही, हे त्याने कसं ओळखावं?

बाकीचं मग सोपं झालं. चोवीस तासांची लघवी अडीच लिटरच्या वर, कॅल्शिअम, ऑक्झलेट, युरिक अ‍ॅसिड ठीक. (कॉकपिटची हवा कोरडी, त्यात पुन्हा उठायला नको म्हणून बाकीची बरीच मंडळी पाणीच पीत नाहीत. पण ती तक्रार तुमच्याकडे कशाला.)

नियमांना नावं ठेवणं सोपं असतं. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, अ‍ॅनेक्स १ मध्ये किडनीच्या आजाराला अनफिटच म्हटलंय, पण नीट तपास होऊन तो आजार उड्डाणाच्या आड येण्याची शक्यता कमी ठरली तर दार उघडं ठेवलंय. एक किडनी काढलेली असली तरी दुसरी भार नीट पेलत असेल तर तिथेही. दार उघडं असून माणसं उंबऱ्यावर अडतात ती अर्ध्या कागदांमुळे. कसरत करणाऱ्या, पिळदार अंगाच्या वैमानिकाचं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ) जरा वर दिसलं की ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, ५८ असा कमी छापून मोकळे होतात. सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी न अवलंबणारी रक्ततपासणी करून खातरजमा करावी, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं, हे कुणी सुचवत नाही. रात्रभर उड्डाण करून आलेल्याच्या दाट लघवीत पट्टीवर प्रोटीन एक प्लस आलं की लागला शेरा. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढलं तर कित्येकदा ते ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या खालीच, म्हणजे सामान्य निघतं आणि विषय तिथेच मिटतो. यातलं काहीच महाग नाही की अवघड नाही. दोन मिनिटं जास्त बसावं लागतं, एवढंच.

तुम्ही बसलात. पाकिटावरचं नाव तुमच्या ओळखीचं नव्हतं, आणि जुना स्कॅन वाचण्याचे वेगळे पैसेही कुणी देणार नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन होईल, तेव्हा दोन्ही सीडी तुमच्याकडेच पाठवतो. पाकिटाला पिन मारत नाही आता, तोंड नुसतं आत दुमडून ठेवलंय.

आपला स्नेहांकित,
वैमानिकांच्या फायली वाचणारा एक डॉक्टर