पिशवीतले पिल्लू

पंचवटी, नाशिक

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची लाज वाटते. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे. प्रकृतीचे एवढे पुरे.

मुलांच्या एका दिवाळी अंकासाठी क्वोका आणि भरल यांची तुलना लिहायला घेतली आहे. क्वोका हा मांजराएवढा, पिशवीत पिल्लू वाढवणारा ऑस्ट्रेलियन प्राणी. १६९६ साली व्लामिंग या डच दर्यावर्द्याला तो थोराड उंदीर वाटला आणि तो जिथे दिसला त्या रॉटनेस्ट बेटाचे नावच ‘उंदरांचे घरटे’ पडले. चेहरा कायम हसरा, अगदी आपल्या गणिताच्या मास्तरांसारखा. भरल ही हिमालयातली निळसर करडी रानमेंढी; धोका दिसला की आधी खडकासारखी निश्चल उभी राहते आणि मग थेट कडा गाठते. तिची वागणूक शेळीच्या वळणाची आहे, म्हणजे शेळी की मेंढी हा तुझा जुना वाद इथेही सुटत नाही.

इथवर हात सरसर चालला. अडला तो पुढच्या वाक्याशी. भरलचे कोकरू जन्मल्यावर लवकरच आपल्या पायांवर आईमागे धावू लागते. क्वोकाचे पिल्लू मात्र सुमारे सहा महिने पिशवीत असते आणि शत्रू मागे लागला, तर आईच्या पिशवीचे स्नायू सैल पडून ते बाहेर गळते. शत्रू त्याच्याकडे वळतो, आई निसटते. ती पिल्लू फेकून मारते असे लोक सांगतात, ते खरे नव्हे. शिवाय तिच्या पोटात बहुधा दुसरा गर्भ वाढ थांबवून राखीव असतो.

हे लिहिताना मला अंजनेरीची ती उतरण आठवली. तुझा पाय मुरगळलेला, तुझा हात माझ्या खांद्यावर, आणि आग्यामोहोळ उठल्यावर तो हात मी झटकला. घरी मात्र हात तूच सोडलास असे सांगितले. तुझ्या मानेतले काटे तुझी आई चिमट्याने काढत होती, तेव्हाही तू ते खोडून काढले नाहीस. (मिसळीचे पैसे त्या दिवशी मीच दिले होते, हे मात्र आजही ठामपणे सांगतो.) क्वोकाचे निदान स्नायू सैल पडतात, मी खांदा झटकला होता.

वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले हे ऐकून बरे वाटले. चिरंजीवांना नोकरीबद्दल आशीर्वाद.

लेख सोमवारी द्यायचा आहे. ते वाक्य ठेवू की गाळू, तेवढे कळव.

तुझा,
वसंता