रातपाळीचा आजोबा

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की हल्लीच्या आयांना बाळ निजवता येत नाही, आणि रात्री उठणाऱ्या बाळाच्या ओठाला ब्रँडीचं बोट लावावं, जुनी माणसं तेच करत. मी जुना माणूस आहे, म्हणून लिहितो.

डिचोली तालुक्यात खाणीवर माझी 27 वर्षं पाळीची नोकरी झाली. मुलगी तान्ही होती तेव्हा मी आठवड्याआड रातपाळीला. ती रात्री किती वेळा उठायची, मला पत्ता नव्हता. आता तीच बाळंतपणाला माहेरी आली आहे, नातू अडीच महिन्यांचा आहे, आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याने रात्री बारा ते चारची पाळी माझ्याकडे आली.

पहिल्या रात्री दीडच्या सुमारास तो जरा कुरकुरला. मी ट्यूबलाइट लावली, उचललं, लंगोट बदलला, वर 'काय रे राजा' म्हणून गप्पाही मारल्या. राजा चारपर्यंत टक्क जागा. मुलगी उठलीच, शेजारचा कुत्राही उठला.

लस टोचायला आरोग्य केंद्रात गेलो तेव्हा नर्सबाईंनी विचारलं, "डोळे उघडे होते?" नव्हते. "मग तो झोपेतच होता, तुम्ही उठवलात." एवढ्या बाळाची झोपेची एक फेरी पन्नासेक मिनिटांची, आणि त्यातली निम्मी झोप चाळवाचाळवीची. कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, पाय झाडतं, पुन्हा निजतं. रात्र आणि दिवस यांतला फरक त्याच्या अंगात मुरायलाही दोन-तीन महिने लागतात.

तेव्हापासून पॅसेजातला झिरोचा बल्ब तेवढा चालू. हालचाल झाली की पाळण्यापाशी जातो, पण उचलत नाही. छातीवर तळहात ठेवतो आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गादीवर घुमटाचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या मातीच्या वाद्याचा, ठेका धरतो, चवथीच्या आरतीचा, निम्म्या लयीत. बहुतेक वेळा आरती अर्ध्यावर यायच्या आत त्याची मूठ सैल पडते. मूठ चोखू लागला, मान इकडेतिकडे वळवू लागला, तर मात्र ती भूक. तिथे आरती चालत नाही, मुलीला उठवावंच लागतं, या वयात रात्रीचं दूध हवंच. पाजून झालं की ढेकर काढून उताणा निजवायचा. बायकोने हौसेने शिवलेली मोहरीची उशी नर्सबाईंच्या सांगण्यावरून कपाटात गेली. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

काही रात्री तो कशालाच बधत नाही आणि माझं डोकं फिरायला लागतं. तेव्हा त्याला पाळण्यात ठेवून मी दोन मिनिटं व्हरांड्यात जाऊन उभा राहतो. चिडून बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते.

आता ब्रँडी. माझ्या आईनेही माझ्या मुलीला बोट लावलं होतं. पोर गप्प झाली, आम्ही खूश. थेंब किती गेला कोणी मोजला नव्हता. दारूने तान्ह्या बाळाची रक्तातली साखर उतरते, श्वास मंदावतो, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही. असं पत्र पुन्हा छापायचं झालं तर खाली बालरोगतज्ज्ञांच्या दोन ओळी घ्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक आजोबा, डिचोली