लायसन्स फाइलची तारीख कोण बघतं?

संपादक साहेब, नमस्कार.

एखादी ऑनलाइन सेवा बंद पडली की पेपरात 'तांत्रिक बिघाड' एवढंच छापून येतं आणि विषय संपतो. पण कधीकधी बिघाड वगैरे काही नसतो हो, सॉफ्टवेअरच्या लायसन्सची, म्हणजे वापरायच्या परवान्याची, कुठल्यातरी फाइलमधली तारीख उलटलेली असते. १२ ऑगस्ट २००८ ला व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ मध्ये (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, मशिन्स चालवणारं सॉफ्टवेअर) असंच काहीसं झालं, आत चुकून राहिलेल्या कोडला वाटलं लायसन्स संपलं आणि बंद असलेली व्हर्च्युअल मशिन्स चालूच होईनात, रीतसर पैसे भरलेल्यांचीसुद्धा! पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, येईपर्यंत लोकांनी सर्व्हरचं घड्याळ मागे करून भागवलं.

मला बोलायचंय ते सर्व्हर मॉनिटरिंगच्या, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवून गडबड झाली की अलर्ट पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. बाकी कशाचं लायसन्स संपलं तर कोणीतरी लगेच बोंब मारतं, याचं संपलं की उलट शांतता होते, अलर्ट यायचेच बंद, मग सगळ्यांना वाटतं वा, सगळं मस्त चाललंय.

लायसन्सची फाइल सर्व्हरवर टाकणं हे काम कोणालाही सांगतात, कारण दिसायला ती साधी टेक्स्ट फाइल असते. पण आत बहुतेक वेळा डिजिटल सही (मजकुरात फेरफार झालेला नाही हे पटवणारा कोड) असते, मेलमधून कॉपी-पेस्ट करताना एक ओळ तुटली तरी फाइल बाद होऊ शकते. बरीच लायसन्स होस्टनेम (मशिनचं नाव) नाहीतर मॅक अ‍ॅड्रेसला (नेटवर्क कार्डाचा नंबर) बांधलेली असतात, त्यामुळे मशिनची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करून दुसरीकडे हलवलं की कालपर्यंत चालणारी फाइल आज चालत नाही. आणि रूट युजरने (सगळे अधिकार असलेलं खातं) फाइल ठेवली पण मॉनिटरिंगची सर्व्हिस दुसऱ्याच युजरने चालते, तिला वाचायची परमिशनच नाही, हा तर नेहमीचा किस्सा. एरर मात्र एकच, 'इनव्हॅलिड लायसन्स'. आता यातून माणसाने काय समजायचं?

खरी गोची पुढे आहे. लायसन्स घेतं खरेदी खातं, वापरतो अ‍ॅडमिन, आणि रिन्यूअलचा मेल जातो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर. तो मेल ग्रुप आयडीवर घ्यायला खर्च काय येतो? तारीख तपासायला दुसऱ्या मशिनवर छोटी क्रॉन स्क्रिप्ट (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम) लावा, त्याच सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. लायसन्समध्ये नोड, म्हणजे जोडता येणारे सर्व्हर, किती शिल्लक आहेत तेही बघा, मर्यादा भरली की नवीन सर्व्हर मॉनिटरिंगमध्ये येतच नाही.

कोणी म्हणेल झॅबिक्स, प्रोमिथियस अशी ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेली) मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरा, लायसन्स फाइलची कटकटच नाही. बरोबर आहे, पण चालू सिस्टीम एका रात्रीत बदलता येत नाही, आणि ओपन सोर्स सांभाळायलाही माणूस लागतोच.

कंपन्यांनी पैसे जरूर घ्यावेत. मुदत संपली तर रिपोर्ट बंद करा, नवीन सर्व्हर जोडू देऊ नका, स्क्रीनवर लालभडक पट्टी लावा, पण आधीपासून चालू असलेले अलर्ट निदान महिनाभर तरी तोडू नका, आणि ही सवलत करारात स्पष्ट लिहून द्या.

— एक सिस्टीम अ‍ॅडमिन