चौथ्या माणसाचं नाव पॅट स्मिअर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडवरचा लेख वाचला. रात्री झोपण्याआधी पुन्हा वाचला, आज सकाळी चहा ठेवल्या ठेवल्या तिसऱ्यांदा वाचला, आणि मग कागद घेऊन बसलोच. लेखाबरोबर तुम्ही त्यांच्या 'अनप्लग्ड' या एमटीव्हीवरच्या मैफलीचं मोठं छायाचित्र छापलंत. त्यात चार पुरुष वाद्यं घेऊन बसलेले स्वच्छ दिसतात. खालची ओळ अशी : 'कर्ट कोबेन, क्रिस्ट नोव्होसेलिक, डेव्ह ग्रोल व अन्य.'

या अन्य माणसाला नाव आहे. पॅट स्मिअर. तुमच्या छायाचित्रात त्याच्या मांडीवर अमेरिकेच्या झेंड्याच्या रंगांची गिटार आहे, लाल-पांढरी-निळी. अख्ख्या चित्रात सगळ्यात आधी डोळा तिथेच जातो. ती गिटारही त्याची स्वतःची नव्हती, नोव्होसेलिकची होती. पण वाजवत होता तो.

लेखात गायक-गिटारिस्ट कोबेनच्या स्वेटरला आख्खा परिच्छेद दिलाय. २०१९ मध्ये तो ३ लाख ३४ हजार डॉलरला विकला गेला, कधी धुतलेलाही नव्हता, सगळं तपशीलवार. त्याची मार्टिन गिटार २०२० च्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली, तेही आहे. माहिती बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की स्वेटरला परिच्छेद मिळतो आणि त्याच मंचावर हाताच्या अंतरावर बसून वाजवणाऱ्या माणसाला दोन शब्दांचं नाव मिळत नाही. लेखकाने 'तिघांचा बँड' हे शब्द तीन ठिकाणी वापरलेत. २५ सप्टेंबर १९९३ ला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात स्मिअर पहिल्यांदा त्यांच्याबरोबर दिसला. तिथपासून १ मार्च १९९४ च्या म्युनिकमधल्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत निर्वाणा चौघांचा होता. 'अनप्लग्ड' त्याच काळातलं. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क. त्या रात्री लोरी गोल्डस्टन चेलो वाजवत होती, मीट पपेट्स या बँडचे किर्कवुड बंधू तीन गाण्यांना पाहुणे म्हणून आले होते. पाहुणे ते. स्मिअर घरचा होता.

त्याच लेखात निर्वाणाच्या पहिल्या अल्बमचा उल्लेख आहे आणि त्यातल्या दुसऱ्या गिटारिस्टचं नाव तुम्ही छापलंय, जेसन एव्हरमन. एव्हरमनने त्या अल्बमच्या रेकॉर्डिंगचे ६०६ डॉलर भरले होते, म्हणून त्याचं नाव वेष्टणावर आलं. अल्बममध्ये त्याने एक सूरही वाजवलेला नाही. म्हणजे न वाजवलेल्याचं नाव तुमच्या लेखात आहे आणि वाजवलेला 'अन्य'मध्ये. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो.

मला एवढं का लागावं, तर मी नाशिकमध्ये अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवली आहे. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कारखान्यांचे वार्षिक कार्यक्रम. लीड वाजवणाऱ्याला लोक ओळखतात, त्याच्या तुकड्याला शिट्ट्या पडतात. ऱ्हिदमवाला मागे, ड्रमच्या बाजूला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत कॉर्ड धरून बसतो. तो थांबला की गाणं पोकळ होतं. काय गेलं ते समोर बसलेल्यांना सांगता येत नाही, पण गायक लगेच मागे वळून बघतो.

१९९६ चा गणेशोत्सव, सहावा दिवस. पावसाची रिपरिप होती, ॲम्प्लिफायरवर प्लास्टिक टाकलं होतं. कार्यक्रम रंगात आला आणि लीडवाल्याची तार तुटली. तो खाली वाकून तार बदलतोय, गायिका अंतऱ्यावर आलेली, मागचा तुकडा वाजवायला कोणी नाही. ते सगळं गाणं मी कॉर्डवर पेललं, वरचा तुकडाही त्याच कॉर्डमधून काढून दिला. गाणं संपल्यावर गायिकेने माइकवरून माझं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात आमचं छायाचित्र आलं. गायिका, लीडवाला, ड्रमर. चौकटीच्या कडेला माझ्या गिटारचा दांडा आणि त्यावर माझा डावा हात, मनगटापर्यंत. खाली तिघांची नावं. आईने ते कात्रण कापून पोथीत ठेवलं आणि कडेला निळ्या बॉलपेनने लिहिलं, 'हा हात आपल्या धाकट्याचा.' आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. कात्रण अजून पोथीतच आहे. काल तुमची 'व अन्य' ही ओळ वाचली आणि मी उठून आधी ती पोथी काढली.

असो. स्मिअरवर येतो, कारण तुमच्या वाचकांना तो कोण हे कळायलाच हवं.

त्याचं जन्मनाव गेऑर्ग रुथेनबर्ग. १९५९ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्म, वडील जर्मनीहून आलेले, आई कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी वंशाची. शाळेतला मित्र डार्बी क्रॅश गायक, हा गिटारवर, आणि त्यातून जर्म्स हा बँड उभा राहिला. सुरुवातीला त्यातल्या बहुतेकांना वाद्य धड वाजवता येत नव्हतं. पुढे लॉर्ना डूम बासवर आणि डॉन बोल्स ड्रमवर आले आणि १९७९ मध्ये त्यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम निघाला, निर्माती रॉक गायिका जोन जेट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पंक संगीतात त्या अल्बमला आजही मान आहे. ३ डिसेंबर १९८० ला स्टारवुड क्लबमध्ये हे चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. चार दिवसांनी, ७ डिसेंबरला, क्रॅश हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. बावीस वर्षांचा होता. लगेच दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननची हत्या झाली आणि क्रॅशची बातमी त्याखाली गेली.

त्यानंतर तेरा वर्षं स्मिअर कोणाच्या डोळ्यात भरण्यासारखा कुठेच नव्हता. एसएसटी या छोट्या कंपनीकडून १९८७ आणि १९९२ मध्ये स्वतःच्या नावाचे दोन अल्बम काढले, जर्मन गायिका निना हागेनबरोबर वाजवलं, याच्या त्याच्या बँडमध्ये राहिला. पोटासाठी रेकॉर्डच्या दुकानात काम केलं. कोबेन जर्म्सचा चाहता होता. जगातला सगळ्यात गाजलेला बँड ज्याच्या हातात होता, त्या सव्वीस वर्षांच्या मुलाने चौतीस वर्षांच्या, दुकानात काम करणाऱ्या माणसाला बोलावलं, कारण त्याचं वाजवणं त्याने ऐकलं होतं. हा प्रसंग तुमच्या लेखात यायला हवा होता. कोबेनची आवडनिवड स्वेटरपेक्षा इथे जास्त कळते.

आता वाजवण्याबद्दल. मला मामेभावाने १९९५ च्या दिवाळीत न्यू जर्सीहून 'अनप्लग्ड'ची कॅसेट आणून दिली. तेव्हापासून मी ती शेकडो वेळा ऐकली असेन, आता मोबाइलवर ऐकतो. त्यात डेव्हिड बोवीचं एक गाणं आहे. कोबेन त्यात गातो आणि मधला सुरांचा तुकडाही तोच वाजवतो, त्याची गिटार ॲम्प्लिफायरमधून येते म्हणून ती जरा फाटलेली, चिरकी ऐकू येते. तो तुकडा सुरू झाला की त्याच्या हातून कॉर्ड सुटते. एकट्या गिटारिस्टचा बँड असता तर तिथे खालची जमीनच गेली असती. ती जात नाही, कारण खाली स्मिअर आहे. साधं, कोरडं, एकसारखं स्ट्रमिंग. कुठेही पुढे येण्याची धडपड नाही, कुठेही ठेका सैल नाही. हेडफोन लावून फक्त तेवढंच ऐका. एकदा ते कानात बसलं की मग कोबेनचा तुकडा त्याच्यावर कसा उभा आहे ते आपोआप कळतं. याच मैफलीत एक गाणं कोबेन एकट्याने वाजवतो, बाकी सगळे थांबतात. तेही सुंदर आहे. पण दोन्ही लागोपाठ ऐकली की दुसऱ्या गिटारचं काम काय असतं, हे मला वेगळं सांगायची गरज उरत नाही. मी आमच्या नव्या मुलांना हीच दोन गाणी ऐकवायचो.

एप्रिल १९९४ मध्ये कोबेन गेला. चौदा वर्षांत दुसऱ्यांदा या माणसाच्या शेजारचा गायक गेला. त्यावरही तुमच्या लेखात अवाक्षर नाही.

'पुढे ग्रोलने एकट्याने फू फायटर्स उभा केला' हे निर्वाणाच्या ड्रमरच्या नव्या बँडबद्दलचं तुमचं वाक्य अर्धं खरं आहे. १९९५ चा पहिला अल्बम ग्रोलने जवळजवळ एकट्याने रेकॉर्ड केला, हे खरं. पण मंचावर जो बँड उभा राहिला त्यात पहिल्या दिवसापासून स्मिअर होता. १९९७ चा दुसरा अल्बम त्याने वाजवला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या दर्शनी छपरावरून, थेट प्रक्षेपणात, बँड सोडत असल्याचं सांगून गिटार दुसऱ्याच्या हाती दिली. २००६ मध्ये दौऱ्यांसाठी परत आला, २०१० पासून पुन्हा पूर्ण सदस्य. २०११ चा अल्बम ग्रोलच्या गॅरेजमध्ये टेपवर रेकॉर्ड झाला, तीन गिटार घेऊन. मार्च २०२२ मध्ये त्यांचा ड्रमर टेलर हॉकिन्स दौऱ्यावर असतानाच बोगोटात गेला. सप्टेंबरमध्ये त्याच्या स्मरणार्थ लंडन आणि लॉस एंजेलिसला मोठे कार्यक्रम झाले, आणि त्या दोन्ही ठिकाणी स्मिअर गिटार घेऊन उभा होता. शेजारचा माणूस गेला होता, तिसऱ्यांदा.

तुम्ही म्हणाल, रॉक कलाकारांचा सन्मान करणाऱ्या खुद्द अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनेही निर्वाणा म्हणून तिघांचीच नावं घेतली. हो, घेतली. १० एप्रिल २०१४, ब्रुकलिन. कोबेन, नोव्होसेलिक, ग्रोल. मग त्याच मंचावर निर्वाणाची गाणी वाजवायला गिटार कोणाच्या हातात होती? स्मिअरच्या. आणि पहिलं गाणं कोणी म्हटलं? जोन जेटने, जिने १९७९ मध्ये त्याचा पहिला अल्बम केला होता. पस्तीस वर्षांनी ती दोघं एका मंचावर, आणि सन्मानाच्या यादीत त्याचं नाव नाही. ती चूक तिथल्या लोकांची. ती पाहून आपणही तीच करावी, असं मला वाटत नाही. त्याला त्या मंडळींनी शेवटी २०२१ मध्ये फू फायटर्सबरोबर घेतलं. गेल्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नोव्होसेलिक, ग्रोल आणि स्मिअर पुन्हा निर्वाणाची गाणी वाजवायला एकत्र आले, त्याच रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये. ग्रोल आणि नोव्होसेलिक यांना तो आपला वाटतो. तुमच्या पुरवणीला वाटत नाही.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. गेल्या महिन्यात शहरात झालेल्या शास्त्रीय गायनाच्या मैफलीचं वृत्त तुम्ही अर्धं पान दिलंत. राग, बंदिशी, ताना, शालीचा रंग, दीपप्रज्वलन कोणी केलं, सगळं होतं. तबला आणि हार्मोनियमबद्दल 'समर्पक साथ लाभली' एवढंच. कोणाची लाभली? त्या दोघांनी अडीच तास वाजवलं, मी तिसऱ्या रांगेत होतो. मागे तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीचं तर अस्तित्वच नाही. नावं कार्यक्रमपत्रिकेत छापलेली होती, तुमच्या प्रतिनिधीच्या हातात ती पत्रिका मी पाहिली. याबद्दल मी तेव्हाही पत्र पाठवलं होतं, ते छापलं गेलं नाही.

हे पत्र लांबलंय, हे मला कळतं. कापायचं असेल तर माझ्या ऑर्केस्ट्राचा भाग कापा, चालेल. स्मिअरचा भाग कापू नका. आणि येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर ही दुरुस्ती छापावी ही विनंती :

'गेल्या रविवारच्या छायाचित्रात लाल-पांढरी-निळी गिटार वाजवणारे वादक पॅट स्मिअर आहेत.'

आपला,
एक जुना वाचक,
नाशिक रोड