आकडा स्मार्ट मीटरला दिसत नाही

संपादक महोदय,

स्मार्ट मीटर (महावितरणच्या भाषेत टीओडी, म्हणजे ‘टाइम ऑफ डे’ मीटर) बसले की वीजचोरी आपोआप थांबेल, असा समज पसरला आहे. सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतो. न्यूट्रल दुसरीकडून घेतला, चुंबक लावले किंवा झाकण उघडले, तर त्याची वेळेसकट नोंद होते. पण खांबावरच्या तारेला अडकवलेला आकडा (वीजचोरीचा हुक), किंवा मीटरच्या अलीकडेच सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी तार) सोलून काढलेली जोडणी? ती वीज मीटरमधून जातच नाही. ती पकडायची तर रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) मीटर हवा.

समजा, 100 केव्हीए क्षमतेच्या रोहित्रातून संध्याकाळच्या अर्ध्या तासात 22 युनिट वीज गेली आणि त्यावरील सगळ्या ग्राहकांची बेरीज 15 भरली. तारांतली गळती एक युनिट धरा. उरलेले 6 युनिट म्हणजे सरासरी 12 किलोवॉटचा भार कुणाच्याच नावावर नाही. (सगळ्या मीटरची घड्याळे जुळलेली हवीत, नाहीतर ही वजाबाकी निरर्थक.)

एवढ्यावर भरारी पथक धाडणे मात्र घाईचे. तफावत दिवसरात्र ठरावीक टक्केच राहत असेल, तर आधी सीटीचा (मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचा) गुणक तपासावा. 150/5 ऐवजी 200/5 नोंदवला की 30 च्या जागी 40 ने गुणाकार होतो आणि रोहित्र उगाच तोट्यात दिसते. तफावत दिवेलागणीला सुरू होऊन उजाडताच संपत असेल, तर ते बहुधा विनामीटर पथदिवे. आणि शेजारच्या रोहित्रावर ग्राहकांची बेरीज पुरवठ्यापेक्षा जास्त भरत असेल, तर काही घरे कागदावर भलत्याच रोहित्राला जोडलेली आहेत. रोहित्र जळाले की लाइनमन भार शेजारच्या डीपीवर (रोहित्रावर) टाकतो, दप्तरी नोंद मात्र जुनीच राहते. हे फार घडते.

एवढे गाळून उरते ती संशयित चोरी. तिची जागा व्होल्टेजवरून कळते. तफावत असताना आणि नसताना एकाच फेजवरच्या घरांचे व्होल्टेज खांबांच्या क्रमाने ताडून पाहावे. जादा घसरण आकड्याच्या खांबापर्यंत वाढत जाते, त्यापुढे जवळपास तेवढीच राहते. मग अख्खी वस्ती धुंडाळावी लागत नाही.

झाकण उघडल्याच्या एकट्या नोंदीवरून वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली थेट वीजचोरीचा गुन्हा नोंदवणेही चूक. ॲक्युचेकने (मीटरची अचूकता तपासणाऱ्या उपकरणाने) जागेवर तपासणी आणि पंचनामा आधी व्हावा. उघड्या तारांच्या जागी एबी केबल (आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) टाकली की आकडा टाकणे अवघड होते, तेव्हा जिथे तफावत वारंवार दिसते तिथे ती आधी टाकावी.

रोहित्रावर चालू मीटर आणि ग्राहकांची पडताळलेली यादी नसेल, तर घरोघरी मीटर बदलून गळतीचा ठावठिकाणा लागणार नाही. भार दुसऱ्या डीपीवर हलवला की त्याच दिवशी यादीत बदल करण्याची जबाबदारी शाखा अभियंत्यावर लेखी टाकावी.

– एक निवृत्त वीज अभियंता, नाशिक