आशाताईंची सगळी नावं

ऑकलंड
६ जुलै

तीर्थरूप बाबांस,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मुलं आता सगळं मोबाईलवर शोधतात, वाचनालयात येतात ती अभ्यासिकेत बसायला. ग्रंथपालाचं काम संपत आलं.’ ते वाक्य दोन दिवस मनातून जात नाहीये. फोनवर आईच्या हातात फोन गेला की आपलं बोलणं राहतंच, म्हणून लिहायलाच बसले. इथे हिवाळा आहे, बाहेर पाऊस आहे, आणि मला गेल्या महिन्यात काय झालं ते तुम्हाला सविस्तर सांगायचंय.

माझ्या पीएचडीचं पहिलं प्रकरण म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. एका प्रश्नावर आजवर झालेले अभ्यास जितके मिळतील तितके सगळे शोधायचे, आधी ठरवून जाहीर केलेल्या नियमांनी निवडायचे, आणि शोध कसा घेतला तेही लिहून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणी तसाच घेतला तर त्याच्या हातीही तेच लागावं. माझा प्रश्न तुम्हाला माहीत आहे: गावातल्याच बाईला शिकवलं आणि तिनं घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर बाळं किती वाचतात?

तीन आठवडे मी एकटीच शोधत होते. मग ग्राफ्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयातल्या ग्रंथपालबाईंची वेळ घेतली. त्यांनी आधीच कळवलं होतं की, जे लेख तुझ्या आढाव्यात असायलाच हवेत असं तुला वाटतं, असे सहा घेऊन ये. गेल्यावर त्यांनी माझा शोध माझ्यासमोर चालवला आणि ते सहा त्यात येतात का ते पाहिलं. चारच आले. राहिलेल्या दोनांपैकी एक कुठला असेल? गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. एकीकडे आरोग्यदूत असलेली ३९ गावं आणि दुसरीकडे तुलनेसाठी ४७. माझ्या सगळ्या विषयाची सुरुवात ज्या कामापासून होते, तेच माझ्या शोधातून गळलं होतं. मला तिथे बसवेना.

कारण त्यांनी पाच मिनिटांत काढलं. मी फक्त चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग मागणारी गाळणी लावली होती, आणि गडचिरोलीत गावं तशी वाटलेली नव्हती. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की, असे अभ्यास तुला नकोत का? नको असतील तर तसं कारणासह लिही, हवे असतील तर गाळणी काढ. गाळणी काढली.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो मला आयुष्यभर पुरेल: ‘या बायकांना कुठल्या देशात काय म्हणतात?’ मी ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ एवढंच घातलं होतं. आम्ही कागद घेऊन बसलो. आपल्याकडे आशा, पण ती २००५ नंतरची; त्याआधीच्या लेखांत व्हिलेज हेल्थ वर्कर. पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर. बांगलादेशात स्वास्थ्य सेविका. नेपाळमध्ये फीमेल कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटियर. शिवाय दाई, आणि दाईसाठी इंग्रजीतलं लांबलचक नाव. ‘न्यूबॉर्न’ म्हणणारे वेगळे, ‘निओनेटल’ म्हणणारे वेगळे. आपल्या काकू दुपारच्या उन्हात वजनकाटा घेऊन वाडीवर जातात, त्यांच्यासारख्या बायकांना जगात इतकी नावं आहेत हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. एक नाव सुटलं की त्या नावाखाली नोंदलेली सगळी गावं आढाव्यातून जातात.

मग त्यांनी प्रश्नाचे तुकडे पाडले. एक तुकडा बाळाचा, एक कार्यकर्तीचा, एक घराचा. तुकड्याच्या आतली नावं ‘किंवा’नं जोडायची, तुकडे एकमेकांना ‘आणि’नं. बाबा, मी पाहतच राहिले. हे तुम्ही मला सातवीत शिकवलंय! प्रमाणपत्र परीक्षेची तुमची वही उघडून तुम्ही ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं पुस्तकं लावायचं कोलन वर्गीकरण समजावलं होतं, की विषयाला तयार कप्प्यात कोंबायचं नाही, त्याचे पैलू सुटे करायचे आणि हवे तसे जोडायचे. १९३३ सालची गोष्ट. मी ते बाईंना सांगितलं. रंगनाथन त्यांना ठाऊक होतेच. त्यांनाही ते अभ्यासाला होते.

एवढा आटापिटा कशाला, असं आई विचारेल. तिला या शहराचीच गोष्ट सांगा. डिसेंबर १९६९ पासून इथल्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये लिगिन्स आणि हाउई या डॉक्टरांनी, दिवस भरण्याआधी बाळंत होऊ घातलेल्या बायकांना स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन पाहिलं. २८२ आया. ज्यांना औषध दिलं त्यांच्या बाळांना श्वासाचा त्रास कमी झाला आणि मृत्यूही कमी. १९७२ साली हे छापून आलं. मग इतर देशांतही प्रयोग झाले, पण ते वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेले राहिले, काही लहान होते, त्यांतून सुटं सुटं काही ठाम निघेना. सगळे एकत्र मांडून आढावा आला तो १९८९ साली, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं औषधाची ठाम शिफारस केली १९९४ साली. मधल्या वर्षांत किती बाळं गेली असतील! औषध होतं, पुरावाही होता, फक्त कुणी एका जागी आणला नव्हता. असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत ना, त्या या औषधाच्याच प्रयोगांच्या आहेत. मी रोज त्याच शहरात बसून शोधते, तेव्हा कंटाळा करायची हिंमत होत नाही.

बाकीचं थोडक्यात. मेडलाइन या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसचा शोध तयार झाला की एम्बेस, सिनाल, कॉक्रेन अशा दुसऱ्या प्रत्येक डेटाबेसच्या रीतीप्रमाणे तो पुन्हा लिहावा लागतो. तो दुसऱ्या एका ग्रंथपालांनी तपासला. एक जुना भारतीय लेख इथे नव्हता, तो दुसऱ्या ग्रंथालयाकडून स्कॅन होऊन चार दिवसांत आला. मला आठवलं, पाटील गुरुजींसाठी तुम्ही साताऱ्याच्या जिल्हा ग्रंथालयातून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पुस्तक मागवलं होतं, आणि आपण दोघं स्टँडवर भर पावसात थांबलो होतो. ग्रंथपालबाईंचं नाव मी लेखाच्या लेखकांत घालणार आहे. त्यांनी केलं ते काम तेवढंच मोठं आहे. तुमचं नाव कुठल्याही पुस्तकावर आलं नाही, पण गुरुजींनी लिहिलेल्या इतिहासातली निम्मी पानं तुम्ही मिळवून दिलेल्या कागदांवर उभी आहेत, हे मला पक्कं माहीत आहे.

आता काम. बाईंनी परवा विचारलं, तुझ्या भाषेत असं काही आहे का, जे आमच्या एकाही डेटाबेसमध्ये नाही? मला एकदम ‘कोवळी पानगळ’ आठवला, महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा अहवाल. आपल्या वाचनालयात खिडकीशेजारच्या लोखंडी कपाटात अहवालांचा गठ्ठा आहे, त्यात मी तो पाहिल्यासारखं वाटतंय. दाखल नोंदवहीत बघाल का? सापडला तर मुखपृष्ठ, प्रकाशकाचं पान आणि मागची संदर्भसूची यांचे फोटो पाठवा. नसेल तर साताऱ्याला विचारा. कपाटाची किल्ली टेबलाच्या डाव्या खणात असायची, अजून तिथेच असेल.

आईला आणि काकूंना नमस्कार. बंटीला गोड पापा.

तुमची,
मनू